पोरीची बंदूक कॅनडाला नेऊन परत आणवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
साष्टांग नमस्कार.

घरी आलं की तुम्ही आभार मानूच देत नाही. विषय काढला की चहा सांगता आणि पावसापाण्याचं बोलायला लागता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही आमच्या तालुक्यातले निवृत्त अव्वल कारकून, एवढंच सांगते. नाव-गाव यात घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण कापूस पिकवणाऱ्या घरातली माझी पोरगी स्वतःची बारा बोअर बंदूक घेऊन कॅनडाला स्पर्धेला जाऊन आली, त्यात एकही कागद खोटा नव्हता आणि एकही रुपया टेबलाखालून गेला नाही, हे आमच्या भागातल्या लोकांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बंदूक म्हटली की आमच्या टिपेश्वर अभयारण्याकडच्या गावांत आधी जागल आठवते. तुरीत रोही, पऱ्हाटीत डुकरं, आणि रात्र रात्र मचाणावर काढणारी माणसं. माझ्या सासऱ्यांकडं राखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. बार काढून जनावर पळवायचं, एवढंच तिचं काम. शिकारीचा प्रश्नच नव्हता, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. त्यामुळं पोरीनं ट्रॅप शूटिंग धरलं तेव्हा गावात बऱ्याच जणांना वाटलं की ही शिकार शिकते आहे. हवेत फेकलेल्या तबकड्या फोडायचा हा ऑलिंपिकमधला खेळ आहे, एका स्पर्धेत १२५ तबकड्या असतात, हे मी दारोदार सांगत फिरले. तुम्हाला ते सांगावं लागलं नाही. तुम्ही विचारलं फक्त, "बाई, घरापासून अभयारण्याची हद्द किती दूर हाये?"

तेव्हा तिच्या परवान्याचा अर्ज अडकून पडला होता आणि का अडकला ते आम्हाला उमगत नव्हतं. तुम्ही एका प्रश्नात उलगडा केलात. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची सहमती आधी लागते, वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ मध्येच ते लिहिलं आहे. आम्ही एका दारात उभे होतो आणि कागद दुसऱ्या दारात हवा होता. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसावर हा नियम का, हेही तुम्ही समजावून सांगितलंत. मला तो नियम पटतो. वाघाच्या शेजारी राहायचं तर गावातल्या प्रत्येक बंदुकीचा हिशेब असलाच पाहिजे.

पण खरी परीक्षा कॅनडाच्या निमंत्रणानंतर सुरू झाली. पत्र हातात आलं त्या दिवशी घरात आनंद होता, आठवड्याभरात नुसती काळजी उरली. जो भेटेल तो नवं सांगे. कुणी म्हणे दिल्लीहून गृह मंत्रालयाचा निर्यात परवाना आणा, कुणी म्हणे बंदूक इथंच ठेवा आणि तिकडं भाड्यानं घ्या. एक एजंट तर "सगळं बसवून देतो" म्हणून मोठी रक्कम मागून गेला. ट्रॅपची बंदूक भाड्यानं घ्यायची वस्तू नव्हे हे त्यांना कोण सांगणार? दस्ता गालाला, खांद्याला बेतून घेतलेला असतो. परक्या बंदुकीनं पोरगी उभी राहिली असती, पण खेळली नसती.

तुम्ही त्या दिवशी ओसरीवर १९५९ चा शस्त्र कायदा उघडून बसलात आणि कलम १० मोठ्यानं वाचलंत. देशाबाहेर शस्त्र न्यायचं किंवा आत आणायचं तर परवाना हवा, हे पहिलं वाक्य. लोक तिथंच थांबतात आणि घाबरतात. तुम्ही खालचं परंतुक, म्हणजे त्याच नियमात दिलेली सूट, वाचायला लावलंत: ज्याच्याकडं शस्त्र कायदेशीर आहे, तो स्वतःच्या खासगी वापरासाठी, वाजवी प्रमाणात, वेगळ्या परवान्याशिवाय ते नेऊ आणि आणू शकतो. माझ्या मनावरचं ओझं उतरतं न उतरतं तोच तुम्ही पोटकलम २ वर बोट ठेवलंत. कस्टमच्या अधिकाऱ्याला शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत तो शस्त्र अडकवून ठेवू शकतो. "कायद्यानं हक्क देला, पण शंका घ्यायचा अधिकारही देला. आपल्याले शंकेची जागाच ठेवाची नाही. साहेब आपल्याले ओळखत नाही, कागदाले ओळखते."

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं.

बंदुकीच्या नंबराची गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. आमची बंदूक जुनी, परराज्यातल्या दुकानातून घेतलेली. तुम्ही म्हणालात, बिल नको, फोटो नको, नंबराचा ठसा आणा. आरटीओत गाडीच्या चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवतात, तसा. पोरीनं रिकामी बंदूक उघडून ठसा काढला. तुम्ही चष्मा वर करून तो परवान्याशेजारी ठेवलात आणि गप्प झालात. बंदुकीवर बी हे अक्षर होतं. दुकानाच्या बिलावर आठचा आकडा पडला होता आणि तोच आकडा पुढं परवान्यावर उतरला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, यायचं कारणही नव्हतं. पण विमानतळावर बंदूक हातात धरून नंबर वाचला गेला असता, तर तिच्या हातातली बंदूक कागदोपत्री तिची नव्हती. पोरगी काय उत्तर देणार होती? दुरुस्तीचा अर्ज तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलात, ठसा जोडलात, दुकानाकडून दुरुस्त बिल मागवायला लावलंत. परवान्याच्या पुस्तकात आणि यूआयएनच्या, म्हणजे परवानाधारकाच्या ओळख क्रमांकाच्या, राष्ट्रीय नोंदीत, दोन्हीकडं नंबर सुधारून हाती येईपर्यंत तुम्ही पुढच्या एकाही कागदाला हात लावू दिला नाही. मला तेव्हा घाई झाली होती, तिकिटं महाग होत होती. आज वाटतं, तुम्ही अडून बसलात तेच बरं केलंत.

नावाचं थोडक्यात निभावलं. परवान्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, मधे वडिलांचं नाव कुठं आहे कुठं नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं एक प्रतिज्ञापत्र, आणि विषय संपला. परवान्यावरच्या मराठी शिक्क्यांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडायचं मात्र तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. नॅशनल रायफल असोसिएशनच्या आणि तिकडच्या क्लबच्या पत्रात स्पर्धेच्या तारखा, बंदुकीचा प्रकार आणि नंबर आलाच पाहिजे, नुसतं "शुभेच्छा" चालणार नाही, हाही आग्रह तुमचाच.

तिकिटाच्या वेळी ह्यांनी लंडनमार्गे स्वस्तातलं शोधलं होतं. तुम्ही नको म्हणालात. मधल्या देशात बंदूक उतरली की त्या देशाचा कायदा लागतो, त्याची वेगळी परवानगी, ती अर्ज करून आधी मिळवायची. अमेरिकेमार्गे गेलं तर त्यांचा आणखी वेगळा फॉर्म. दिल्लीहून थेट कॅनडाचं विमान घ्या, दोनच देशांचे कागद सांभाळा. नागपूरहून दिल्लीपर्यंतचं सामान दिल्लीत ताब्यात घ्या, कारण कस्टमला बंदूक तिथं दाखवायची आहे. पैसे थोडे जास्त गेले. ते सत्कारणी लागले असं मी कुणालाही सांगेन.

काडतुसांचा हिशेबही तुम्हीच मांडलात. विमानात एका प्रवाशाला ५ किलोपर्यंतच काडतुसं नेता येतात, तीही सामानाच्या डब्यात आणि आधी कळवून. दोघांचे मिळून १० किलो एका पेटीत असं चालत नाही. बारा बोअरची २५ ची पेटी साधारण किलोभर भरते. म्हणजे जेमतेम सव्वाशे काडतुसं, आणि ट्रॅपला एका तबकडीवर दोन बार मारायची मुभा असते. सरावाचं तर बोलायलाच नको. बंदूक सोबत आणल्याच्या घोषणापत्रावर कॅनडाच्या कस्टमनं सही-शिक्का केला की तेच ६० दिवसांचा तात्पुरता परवाना ठरतं आणि त्यावर तिथं काडतुसं विकत घेता येतात, हे तुम्ही क्लबला पत्र लिहायला लावून पक्कं करून घेतलंत. एकही काडतूस न नेता ती गेली. पेटी हलकी झाली आणि प्रश्नही कमी झाले.

त्या घोषणापत्राबद्दल तुम्ही पोरीला दिलेली ताकीद आम्ही घरात अजून म्हणतो: "सगळं भरून ठेव, पण सही करू नोको. सही त्याच्यासमोर करजो." तिथं नियमच तसा आहे, सही अधिकाऱ्यासमोर करायची आणि २५ कॅनेडियन डॉलर भरायचे. नीटनेटकी माणसं घरूनच सही करून जातात आणि तिथं पुन्हा फॉर्म भरत बसतात. पोरीनं कोरी जागा दाखवली, अधिकाऱ्यानं मान डोलावली, बंदूक पाहिली, नंबर जुळवला. बी अक्षरावर त्याचं बोट क्षणभर थांबलं होतं म्हणे. मग शिक्का.

त्याआधीची दिल्लीची रात्र सोपी गेली नाही. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या मुलानं बंदूक हा शब्द ऐकताच वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी आणखी कुणाला. आधी कळवल्याचा ईमेल, कंपनीचं उत्तर, कुलपाची टणक पेटी, बंदूक रिकामी असल्याची तपासणी, हे सगळं ओळीनं झालं. कस्टमवर तिनं तुमची फाइल उघडली. वर अनुक्रमणिका, खाली एकाखाली एक कागद, आणि शेवटी कलम १० ची छापील प्रत, परंतुकाखाली तुमची लाल रेघ. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, ही फाइल कुणी लावली? तिनं सांगितलं, आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी. ते म्हणाले, जुन्या माणसाचं काम दिसतंय. काकाजी, हे वाक्य तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं. तुम्हाला आजवर सांगितलं नाही, आता इथं सांगते.

निर्यात प्रमाणपत्र घ्यायला विसरू नको, हे तुम्ही तिला निघेपर्यंत बजावत होता. जाताना सगळ्यांना विमान दिसतं, परत यायचं कुणाला आठवत नाही. बंदूक इथून गेली याचा कस्टमचा कागद नसेल, तर येताना ती परदेशातून विकत आणलेली धरली जाऊ शकते. येताना ती स्वतःहून लाल मार्गानं गेली, जाहीर केलं, प्रमाणपत्र दाखवलं. नंबर जुळला. नागपूरला गाडी लावायला मला जितका वेळ लागतो, तितक्यात ती दिल्लीत मोकळी झाली होती.

पदक मिळालं नाही. १२५ तबकड्या ती स्वतःच्या बंदुकीनं खेळली, आणि पुढच्या वर्षीसाठी काय सुधारायचं ते लिहून घेऊन आली. ह्यांना आणि मला एवढं पुरे आहे.

तुम्ही नोकरीत असताना किती जणांच्या अर्जांना असा हात लावला असेल, मला ठाऊक नाही. पण निवृत्तीनंतर, कुठलंही नातं नसताना, झेरॉक्सचेही पैसे न घेता एका पोरीसाठी तुम्ही हे केलंत. "नियम आडवा येते असं म्हणू नका, नियम कुठं नेते ते पाहा," असं तुम्ही सुरुवातीलाच म्हणाला होता. मी बारावी शिकलेली बाई. आता कायद्याचं परंतुक वाचते, तारीख जुळवते, परवान्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढं आहे ना ते पाहते. हे तुम्ही मला शिकवलंत, काकाजी, आणि शिकवताना कधी मला कमी लेखलं नाही.

परवा शेजारच्या गावातले एक गृहस्थ आले होते. त्यांचा मुलगा पॉइंट टू टू रायफल खेळतो, त्यालाही बाहेरचं बोलावणं येण्याची आशा आहे. कुठले कागद लागतील, विचारत होते. मी त्यांना आधी रायफलच्या नंबराचा पेन्सिलीचा ठसा काढून आणायला सांगितलं आहे. तो मिळाला की त्यांना घेऊन तुमच्याकडं येईन, तुमची हरकत नसेल तर. कॅनडाच्या शिक्क्याच्या घोषणापत्राची प्रतही आणते, तुम्हाला ती पाहायची होती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
केळापूर तालुक्यातली एक आई