द्राक्षातला औषधाचा अंश तपासता, मग मटणातला का नाही?

मा. संपादक,
स. न.

मटण-चिकन दुकानांच्या तपासणीची कालची बातमी वाचली. फरशी स्वच्छ, जाळी लावलेली, परवाना भिंतीवर, म्हणून मटण खाण्यास योग्य असं त्यात छापलंय. फरशी धुतली म्हणजे मांसातलं औषध जातं का?

आखाडात पाहुणे येणार म्हणून मी दीड किलो मटण आणलं. बायकोनं धुवायला घेतलं तर मांडीच्या जाड भागात लिंबाएवढी पिवळट, चिकट गाठ. सुरी लावल्यावर पाणी सुटलं आणि औषधाचा उग्र वास आला. आमच्या दारात कायम शेरडं असतात. इंजेक्शन कुठं टोचतात ते मला कळतं. बायकोला पेनिसिलिन चालत नाही. मागं एका इंजेक्शननं तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि रात्र दवाखान्यात काढावी लागली होती. तिच्या हातात ती गाठ बघून माझ्या पोटात गोळा आला.

दुकानदार म्हणाला, "काका, तेवढं काढून टाका, बाकी माल एक नंबर आहे." सरकारी कार्यालयात गेलो, तर नमुना बाहेरगावच्या लॅबला जाईल, फी भरा, अहवालाला 14 दिवस. कायद्यातच तेवढी मुदत आहे म्हणे. तोवर त्या बोकडाचं उरलेलं मटण किती घरांत शिजलं असेल?

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. 2010 साली क्लोरमेक्वॅट (वेलीची वाढ रोखणारं रसायन) सापडलं म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा काय हाल झाले ते इथल्या प्रत्येक बागायतदाराला आठवतं. आज एक्स्पोर्टच्या प्लॉटला रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाचा अहवाल, आल्याशिवाय घडाला कात्री लागत नाही. परदेशातल्या माणसासाठी आम्ही हे सगळं करतो, आणि सांगलीतल्या पोराच्या ताटातलं मटण नुसतं डोळ्यांनी बघून पास होतं, याचा मला राग येतो.

मांसात अँटिबायोटिक आहे का, ही चाचणी अवघड नाही. मांसाचा रस जिवाणू असलेल्या छोट्या नळीत घालून ती गरम ठेवायची. नळीतले जिवाणू वाढले की जांभळा रंग पिवळा होतो. अँटिबायोटिक असेल तर ते वाढत नाहीत, रंग जांभळाच राहतो. तीन-चार तासांत कळतं. ठरावीक औषधांसाठी पट्ट्या मिळतात, त्या तर काही मिनिटांत सांगतात. संशय आला तेवढाच नमुना मोठ्या लॅबला पाठवा. कत्तलखान्यात रोज चार-दोन जनावरांचं तरी एवढं करा.

कोंबडीचं तर विचारूच नका. औषध दिल्यावर किती दिवस मांस खायचं नाही ते औषधाच्या लेबलवर छापायचा नियम 2012 पासून आहे, आणि त्या जनावरासाठी मुदत ठरलेली नसेल तर किमान 28 दिवस धरायचे. ब्रॉयलर चाळीसएक दिवसांत दुकानात येतो. त्याला शेवटचा डोस कधी दिला हे गिऱ्हाइकानं कुणाला विचारायचं?

आणखी एक. ते मटण मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं, शाई मांसाला लागली होती. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्येच बजावलंय. निदान तेवढं तरी तुमच्या पहिल्या पानावर ठळक छापा.

आपला,
एक द्राक्षबागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली