श्रीहरिकोट्याहून आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "मग पुण्याचे काय ठरले?" आणि मी रेंज नसल्याचे सांगून फोन ठेवला. रेंज होती. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पुण्याच्या कंपनीला मी त्याआधीच्या सोमवारी नकार कळवला आहे. तुम्ही वरची खोली रंगवून घेतलीत, आईने माझ्या पुस्तकांसाठी फडताळ रिकामे केले, आत्याला आणि शेजारी सगळ्यांना मी परत येणार म्हणून सांगून झाले, हे सगळे ठाऊक असताना मी हा निर्णय घेतला आहे. आधी विचारले नाही, कारण तुम्ही "तुला योग्य वाटेल ते कर" एवढेच म्हणाला असतात आणि मग माझ्याने नकार कळवणे झाले नसते.

पगाराचा यात काही संबंध नाही. पुण्याला तो जास्तच मिळाला असता. श्रावणात आई न्हाणीघरात पडली तेव्हा मला पोहोचायला दोन दिवस लागले आणि तोवर एक्स-रे, प्लास्टर सगळे बाबांनी एकट्याने निभावले, हे मी विसरलेले नाही. त्या दोन दिवसांचा हिशेब मांडला की पुणेच बरोबर ठरते. तरी मी इथे, इस्रोच्या उड्डाण केंद्रात, का राहते आहे, ते नीट सांगते. आतल्या कामाचे बाहेर बोलायचे नाही हा आमचा नियम आहे, त्यामुळे जे छापून आले आहे तेवढेच लिहिते, पण बाबांना तेवढे पुरेल.

14 जुलै 2023 ला दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी चांद्रयान-3 निघाले तेव्हा तुम्ही दोघे टीव्हीसमोर होतात आणि आईने देवापुढे दिवा लावला होता. त्या रॉकेटच्या दोन्ही अंगांना जे पांढरे जाड खांब दिसत होते, ते घन इंधनाचे बूस्टर. एकेकात सुमारे दोनशे टन इंधन असते. सुरुवातीची जवळजवळ दोन मिनिटे 640 टनांचे ते सगळे धूड फक्त हे दोन खांब उचलतात, मधले द्रव इंधनाचे इंजिन त्यानंतर पेट घेते. द्रव इंधनाचे इंजिन बंद करता येते, घन इंधनाला ती सोय नाही. एकदा पेटले की शेवटचा कण जळेपर्यंत ते जळतच राहते. म्हणून त्याच्यावर करायची ती सगळी राखण पेटवण्याआधीच करावी लागते. माझे काम त्या राखणीतले आहे. ओतून तयार झालेल्या इंधनाच्या आत पोकळी, चीर किंवा कडेला सुटलेली जागा राहिली आहे का, हे क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी पाहायचे. आई, बाजारात माठ घेताना तू टिचकी मारून कान देतेस आणि दुकानदार कितीही चांगला म्हणाला तरी आवाज बद्द आला की बाजूला ठेवतेस, तेच हे काम. फक्त माठ फुटला तर पाणी सांडते. इथे आतली चीर म्हणजे जळायला मिळालेला जास्तीचा पृष्ठभाग, त्याने आतला दाब वाढतो, आणि तो दाब कवचाला झेपेलच असे नाही.

बाबा, हे इंधन कसे तयार होते ते तुम्हाला माझ्या अनेक सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळेल. वजनाने जवळपास दोन तृतीयांश भाग अमोनियम परक्लोरेट या मिठासारख्या पांढऱ्या दाण्यांचा असतो, त्यातून ज्वलनासाठी प्राणवायू मिळतो. सोबत ॲल्युमिनियमची भुकटी, आणि हे सगळे धरून ठेवणारे चिकट रबरी द्रव्य. मी सहावीत असताना साखर कारखान्याच्या हंगामात तुम्ही मला एकदा रात्रपाळीला पॅनवर, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरायच्या त्या बंद भांड्यावर, नेले होते. नमुना काढायच्या दांड्याने, प्रूफ स्टिकने, काढलेला मॅसेक्विटचा, म्हणजे दाणे धरलेल्या दाट पाकाचा, थेंब तुम्ही काचेवर पसरलात, दिव्यासमोर धरलात, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकसारखे टपोरे दाणे चमकले. त्यांच्यामध्ये कुठेतरी धुळीसारखा बारीक दाणा दिसला तेव्हा तुम्ही त्याला खोटा दाणा म्हणालात आणि पाणी देऊन तो विरघळवून टाकलात. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळले की तुम्ही जो दाणा हाकलून देत होतात, तसा बारीक दाणा आम्ही मुद्दाम घालतो. मोठ्या दाण्यांमधल्या फटी तो भरून काढतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माल बसतो, आणि इंधन किती वेगाने जळावे हेही दाण्यांच्या आकारावरून ठरवता येते. साखर करपू नये म्हणून तुम्ही पॅनमध्ये निर्वात ठेवत होतात; आतमध्ये हवेचा बुडबुडा अडकू नये म्हणून आमच्याकडे निर्वातात ओतकाम होते. मग कित्येक दिवस मंद उष्णतेवर ते ठेवले की खोडरबरासारखे घट्ट होते. दाणा पाहायला मी तुमच्या त्या काचेवर शिकले, हे तुम्हाला आजवर कधी सांगितले नव्हते.

आता तुमच्या भीतीबद्दल. 2004 सालच्या फेब्रुवारीतल्या बातमीचे कात्रण तुम्ही डायरीत ठेवले आहे, हे मला आईकडून कळले. ते खरे आहे. तेव्हा इथे घन इंधनाच्या विभागात आग लागून सहा जण गेले. ते मी लपवणार नाही, तुमच्यापासून तर नाहीच. इथले काम किती जपून करायचे हे आम्हा सगळ्यांना त्या दिवसाने शिकवून ठेवले आहे. इंधन कालवणाऱ्या यंत्राजवळ कोणी उभे राहत नाही. ते दुरून चालवतात. इमारती एकमेकींपासून लांब आहेत. आत जाताना सुती कपडे, अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरवणारे बूट, मोबाइल बाहेर. माझे काम बहुतेक वेळ जाड भिंतीआड, पडद्यावरच्या करड्या चित्रासमोर बसून असते. आई, मी तिथे आत उभी राहून काही कालवत नाही, एवढे नक्की मनात धर.

आणि मी आत्ताच का सोडून येत नाही, त्याचे खरे कारण असे की आजवर या बूस्टरांवरून उपग्रह गेले, आता माणसे जाणार आहेत. गगनयानासाठी याच बूस्टरचा माणसांना वाहून नेण्याजोगा प्रकार तयार झाला. त्याची जमिनीवरची पहिली पूर्ण चाचणी 13 मे 2022 ला इथेच झाली, 203 टन इंधन 135 सेकंद जळले. 18 डिसेंबर 2024 ला माणसांविना जाणाऱ्या पहिल्या उड्डाणासाठी बूस्टरची जुळणी सुरू झाली. बूस्टर तीन तुकड्यांत ओततात आणि नंतर ते जोडतात, त्यामुळे सांधे येतात. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत आकाशातच मोडले आणि सात जण गेले, ते अशाच एका बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने ताठरली म्हणून. त्या सात जणांमध्ये एक शाळेतल्या बाई होत्या. आमच्या या नव्या प्रकारात सांध्यांची सुरक्षा वाढवली आहे. काही बिघडलेच तर माणसांची कुपी रॉकेटपासून ओढून दूर नेणारी यंत्रणा आहे, तिची चाचणी 21 ऑक्टोबर 2023 ला इथून झाली, आणि ती ओढून नेणारी रॉकेटेही घन इंधनाचीच. म्हणजे ज्याची भीती तेच वाचवणारेही. चार वैमानिकांची नावे जाहीर झाली आहेत. त्यांच्याही घरी आई-वडील आहेत. पडद्यावरचे चित्र पाहताना हल्ली माझ्या मनात तेच येते, आणि वर्षानुवर्षे सरावलेले डोळे अशा वेळी उठून गेले तर नव्या माणसाला ते तयार व्हायला पुन्हा वर्षे लागतील.

बाबा, वसंतराव गोवारीकरांचे तुम्हाला फार कौतुक. ब्रिटनमधले काम सोडून ते केरळात थुंब्याच्या रॉकेट केंद्रात आले आणि देशातल्या घन इंधनाचा पाया घालणाऱ्यांत ते होते. 18 जुलै 1980 ला उपग्रह नेणारे आपले पहिले यशस्वी रॉकेट, एसएलव्ही-3, इथून उडाले, त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे, आणि तेव्हा थुंब्याच्या केंद्राचे संचालक तेच होते. मी त्यांची बरोबरी करत नाही. पण त्यांच्या आई-वडिलांनीही कधीतरी असे पत्र वाचले असेल, असे मला वाटते.

आता तुमची व्यवस्था. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला धरायचे दांडे बसवायला मिस्त्री शनिवारी येईल, त्याचे पैसे मी दिले आहेत, तुम्ही पुन्हा देऊ नका. पोळ्यांना आणि भांड्यांना सुमनमावशी दोन्ही वेळ येतील. आई, त्या येण्याआधी तू भांडी घासून ठेवायची नाहीस. गुडघ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे ठरले आहे ते ठरले आहे, "थंडी जाऊ दे" म्हणून पुढे ढकलायचे नाही. मी महिनाभराची रजा मागितली आहे आणि ती मिळणार आहे. बाबांनी साखर तपासल्याचा आकडा दर रविवारी मला फोटो काढून पाठवावा, तोंडी सांगितलेला मी धरणार नाही. पाण्याच्या टाकीवर चढायचे नाही. रात्री स्कूटर नाही. मोतीबिंदूची तारीख घेऊन टाका. ज्या डोळ्यांनी हजारो पॅन पाहिले, त्यांना आता धुके कशाला?

गुडघा बरा झाला की तुम्ही दोघे इकडे या. पुण्याहून चेन्नई, आणि चेन्नईहून सुल्लुरपेटाला लोकल येते, स्टेशनवर मी असेनच. क्वार्टर तळमजल्यावर आहे, संडास खुर्चीचा आहे, भात रोज खायला लागेल ही आईची शंका खरी नाही, ज्वारीचे पीठ मी गावाहून आणून ठेवते. बेटावर येणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो आणि थंडीत दोन्ही बाजूंना रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उभे असतात, गुलाबी. त्या दिवसांत उड्डाण असले तर लोकांना बसून पाहायला गॅलरी आहे, तिथे तुमची नावे मी नोंदवीन. आधी उजेड दिसतो, आवाज नंतर येतो आणि तो छातीत जाणवतो. आई, तेव्हा दचकू नकोस, माझा हात धर. लहानपणी गावच्या जत्रेत दारूकाम सुरू झाले की मी तुझ्या पदरात तोंड खुपसायची, तशी आता तू माझ्याजवळ बस.

वरच्या खोलीचा रंग मला आवडेल याची खात्री आहे. फडताळ रिकामेच राहू द्या, दिवाळीला येताना मी पुस्तके आणते आहे. आणि बाबा, ती पॅनवरची काच तुम्ही निवृत्तीनंतर घरी आणली होतीत, ती अजून असेल तर कापडात गुंडाळून इकडे येताना आणा. माझ्या टेबलावर ठेवायची आहे.

दोघांनी एकमेकांना औषधांची आठवण करावी. फोन मी रविवारी सकाळी करीन, आणि या वेळी मध्येच ठेवणार नाही.

तुमची,
बेबी