परवा गुंड्या गुरगुरला, ताई

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचंही राहून गेलं. माझीच दोन कुत्री भर रस्त्यात एकमेकांना भिडली होती, भोवती सात-आठ माणसं मोबाइल धरून उभी. 'पट्टा ओढा', 'काठी घाला', सल्ले सगळ्यांकडे होते. मी वेड्यासारखा किंचाळत गुंड्याच्या गळ्याशी हात घालणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. "तोंडाकडे हात नको. मागचे पाय धरा. तुम्ही त्याचे, मी हिचे. पण आधी त्याला कान सोडू दे, ओढू नका." आवाजही चढवला नाहीत. तेव्हा हिसका दिला असता तर चिमीचा कान फाटला असता. आणि तुम्ही दटावलंत म्हणूनच तिला लगेच डॉक्टरांकडे नेलं. मानेवर वरून टिकलीएवढी दोन भोकं, आतली जखम मात्र चांगलीच खोल निघाली.

मला सारखं आठवतं ते त्यानंतरचं. गुंड्याची दोरी मी हाताला तीन वेढे देऊन आवळली होती, बोटं पांढरी पडलेली. तुम्ही खाली बसून माझं एकेक बोट उघडलंत, वेढे सोडवलेत. "दोरी ताठ असली की त्यालाही धोका वाटत राहतो." कुत्री आवरत नाहीत तर पाळता कशाला, हे त्या दिवशी मला चौघांनी ऐकवलं. तुम्ही नाही.

मग विचारलंत, "भांडणाआधी गुरगुरला होता का?" नव्हता. गुरगुरला की उताणा पाडून दाबून धरा, मालक कोण ते त्याला कळू दे, असं एका प्रशिक्षकानं पैसे घेऊन शिकवलं होतं. मीही इमानानं तेच केलं. गुंड्या गप्प झाला आणि आम्हाला वाटलं, सुधारला! तुम्ही म्हणालात, "कुणीतरी त्याची इशाऱ्याची घंटा काढून घेतलीय. राग आहे तिथंच आहे." कुणीतरी! समोर मीच बसलो होतो, तरी 'कुणीतरी'. अशी माणसं असतात म्हणून बरं.

आता दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात. चघळायची हाडं एकत्र असताना देत नाही. फिरायला दोन माणसं लागतात, मधे बरंच अंतर ठेवून एकाच दिशेनं चालतो. कुणी अंग ताठ करून टक लावलं की तिथूनच वळतो, शेपटी हलत असली तरी. हलणारी शेपटी म्हणजे खुशी, ही समजूतही माझी त्याच दिवशी गेली.

परवा मधलं दार चुकून उघडं राहिलं. चिमी त्याच्या भांड्याकडे निघाली आणि गुंड्या गुरगुरला. किती महिन्यांनी! मी त्याला रागावलो नाही. चिमीला हाक मारली, ती वळली, मी दार लावलं. आणि तिथंच जमिनीवर बसून पोटभर रडलो. हे तुम्हाला सांगायचं होतं.

तुमचा,
गुंड्या-चिमीचा माणूस