फेरेट नुसती रंगवून उभी करू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या लष्करी वाहनांच्या जतनावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फेरेट या छोट्या ब्रिटिश चिलखती गाडीचा फोटो पाहून फार बरं वाटलं. भारतीय सैन्यातही ही गाडी होती आणि माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं तिच्याच खाली पाठ टेकून गेली. लेखात चिलखत आणि बंदुकीबद्दल भरपूर आहे, सुट्या भागांबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून हे पत्र.

कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ या काळात चार हजारांहून जास्त फेरेट बांधल्या. काम टेहळणीचं, म्हणजे शत्रू दिसला की गाडी न वळवता मागे पळायचं. त्यासाठी पुढे पाच गिअर तसे मागेही पाच. आधी दांड्याने गिअर निवडायचा, मग पेडल दाबायचं. पेडल अर्धवट दाबलं तर ते असं उसळून येतं की नवा ड्रायव्हर जन्मभर विसरत नाही.

मागच्या बाजूला रोल्स-रॉइसचं सहा सिलिंडरचं बी-६० पेट्रोल इंजिन. याच घराण्यात चार सिलिंडरचं बी-४० आणि आठचं बी-८०. पिस्टन, व्हॉल्व्हसारखे कितीतरी भाग तिन्हींत चालावेत अशीच आखणी होती. म्हणजे ऑस्टिन चॅम्प जीपचं किंवा सैनिक वाहून नेणाऱ्या सॅरासेन या चिलखती गाडीचं बंद पडलेलं इंजिनसुद्धा फेरेटला जीवदान देऊ शकतं. अशी इंजिनं किलोच्या भावाने भंगारात जाताना मी पाहिली आहेत, पोटात कालवतं.

खरी मेख चाकांकडे जाणाऱ्या जोडणीत आहे. डिफरन्शियल, म्हणजे चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, एकच, मधोमध. एका बाजूची पुढची आणि मागची चाकं एकमेकांना पक्की बांधलेली. वळताना किंवा टायरच्या मापात फरक असला की ती वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि जोडणीत ताण येतो. मातीत चाक थोडं घसरतं आणि तो ताण सुटतो. डांबरी रस्त्यावर तो चाकं फिरवणाऱ्या दांड्यांत साठत जातो आणि फिरकी काटकोनात चाकाकडे वळवणाऱ्या बेव्हल गिअरच्या पेट्यांवर येतो. त्यामुळे चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एकच नवा टायर चढवून सोहळ्यात गाडी फिरवणं म्हणजे त्या पेट्यांचा घात. आणि त्या पेट्या आता नव्याने कोणी बनवत नाही.

उभ्या गाडीचंही काही खरं नसतं. रबरी सील कडक होतात, ब्रेकचे सिलिंडर गंजून जाम होतात. इंजिन अधूनमधून हाताने तरी फिरवावं, तेल बदलत राहावं. रंगाच्या डब्यापेक्षा हा खर्च जास्त नाही.

संग्रहालयांनी निदान एक फेरेट चालती ठेवावी, दुसरी सुट्या भागांसाठी राखावी. आणि ज्या वाचकांच्या घरी या गाड्यांच्या पार्ट-नंबरच्या जुन्या पुस्तिका असतील, त्यांनी त्या रद्दीत न देता संग्रहालयात पोहोचवाव्यात. नंबर ठाऊक नसेल, तर हातात आलेला भाग कुठे बसतो हे नव्या मुलांना कळणार कसं?

आपला,
एक निवृत्त वाहन कारागीर