दारावर आलेली माणसं

प्रिय दिलीप,

तुझा फोन आला तेव्हा ओट्यावर माणसं होती, धड बोलता आलं नाही. तुला पुण्याहून यायला जमलं नाही याचं मनाला लावून घेऊ नको.

आप्पा पौषात गेले. राख सावडून अस्थी प्रकाशाला नेल्या, तापी-गोमाईच्या संगमावर. सगळं भाऊबंदांनीच पाहिलं. घरात चूल नव्हती. शेजारून भाकरी आणि फिक्की दाळ यायची. केळीला पाणी भरायचं होतं आणि त्या आठवड्यात शेताला लाईट रात्रीची. थंडीत जाऊन मोटार कोण चालू करत होतं, ते मला अजून कळलेलं नाही. विचारावं तर जो तो दुसऱ्याचं नाव सांगतो.

दारावर येणाऱ्यांचं मात्र सांगायलाच हवं. आलेला माणूस टेकतो, पाणी पितो आणि विचारतो, "कसं काय व्हयनं भाऊ?" की मी पहिल्यापासून सुरू. आधी जीव नकोसा झाला. पण कुठे अडलो की आप्पांनी आधी काय केलं, मग काय, ते शेजारचे नाना दुरुस्त करायचे, "नही रे, पहिले चहा मांगा त्यानी, मंग छातीवर हात ठेवा." दहाव्यापर्यंत ती हकीकत अर्ध्या गल्लीला पाठ. एकदा मी आत पडलो होतो आणि बाहेर नानाच पाहुण्यांना सगळं सांगत होते. ऐकता ऐकता मला झोप लागली, कितीतरी दिवसांनी. मोबाईलवर हात जोडलेली चित्रं ढिगानं आली, पण त्यांना काय सांगणार?

मायच्या बांगड्यांवरून जरा वाजलं. कोल्हापूरकडच्या हेरवाडनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनंही मग तसं परिपत्रक काढलं. आमच्या म्हाताऱ्यांपर्यंत ते कुठलं पोचायला! दोघी पुढे झाल्या तशी आत्यानं मायचा हात धरला. "मन्हा भाऊनी भरेल शेतस, ऱ्हाऊ द्या." आप्पांनीच भरलेल्या त्या बांगड्या राहिल्या. कुंकवाचं मात्र माय स्वतःच ऐकत नाही.

उत्तरकार्याची पंगत भाऊबंद-सोयऱ्यांपुरतीच ठेवली. कुरकुर झाली, होऊ दे. कर्ज काढून बुंदी वाढायची आणि पुढे केळीच्या पैशातून फेडत बसायचं, हे आप्पांनाही कधी पटलं नव्हतं.

तेराव्यानंतर ओटा रिकामा झाला आणि खरं जड तेव्हा गेलं. चार वाजले की माय सतरंजी टाकायची, कोणी येणार नसलं तरी. गल्लीतल्या बायकांनी ते पाहिलं असणार. आता चैत्रात त्यांनी बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, सगळा घाट आमच्याच ओट्यावर घातलाय; माय चवीला पीठ खाते आणि मीठ कमी आहे म्हणून भांडते.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आप्पांची पहिली घागर. घागर आणि तिच्यावर ठेवायचं लहान मडकं, डेरगं, कुंभाराकडे सांगून ठेवलंय, बहिणी येतील. आगारी, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर, टाकताना तू असावास असं मायचं म्हणणं आहे, आणि आमरस तर तुला सोडवतच नाही. रेल्वेनं भुसावळला उतर, मी घ्यायला येतो. फक्त गाडी कोणती ते आधी कळव, नेहमीसारखा फलाटावरून फोन करू नको.

तुझा,
सुभाष