जुलाब मोजतं कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला लहान मुलांच्या जुलाबांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, आपणच चुकीचं वाचतोय. दुसऱ्यांदा खात्री पटली, म्हणून हे पत्र.

‘गरीब घरांतल्या मातांना मुलाला किती वेळा जुलाब झाले हेही सांगता येत नाही’ हे वाक्य तुम्ही मधोमध, जाड टायपात छापलंत. सांगता येत नाही, बरं. पण विचारलं कुणाला? आणि कधी?

मी नऊ वर्षांची होते, धाकटा भाऊ अकरा महिन्यांचा. आई उजाडायच्या आत कामाला जायची ती दिवेलागणीला परतायची. मधला सगळा वेळ तो माझ्या कडेवर. घरात लंगोट सातच. त्या दिवशी दुपारपर्यंत सातही दोरीवर गेले आणि पहिला वाळायच्या आतच काढून परत बांधावा लागला. चुलीतला कोळसा घेऊन मी दारामागच्या भिंतीवर रेघा ओढत होते. शी झाली की उभी रेघ, उलटी झाली की आडवी. कुणी शिकवलं नव्हतं. आई आल्यावर विचारेल आणि मी विसरले तर रागावेल, एवढीच भीती. अंधार पडला तेव्हा अकरा उभ्या होत्या, दोन आडव्या. तो रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. हे मात्र भिंतीवर कसं काढायचं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी आई आम्हा दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “किती वेळा झाली?” आई म्हणाली, “तीन-चारदा.” ती खोटं बोलत नव्हती. ती घरी आल्यापासून तेवढीच झाली होती. मी तिच्या पदराआडून म्हणाले, “अकरा.” “मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये,” असं मला सांगण्यात आलं आणि कागदावर चार लिहिलं गेलं. चारचंच औषध मिळालं. त्या रात्री त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. मग धावपळ, मग सलाईन. वाचला. आज पंचेचाळिशी उलटलेला हाच गृहस्थ तुमचा लेख कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि वर ‘अगदी खरं’ म्हणून अंगठा दाखवतो. त्याच्याशी मी वेगळं बोलणार आहे.

पुढे मी बरीच वर्षं घरोघर जाऊन हेच विचारण्याची नोकरी केली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. लेखकमहाशय ‘दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शी’ ही व्याख्या देऊन थांबले. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत पुढेही काही आहे: किंवा त्या मुलाच्या नेहमीपेक्षा जास्त वेळा. अंगावर पिणारं बाळ दिवसातून पाच-सहा वेळा सैलसर शी करतं आणि खुशाल हसत असतं, त्याला जुलाब म्हणत नाहीत. मग ‘नेहमी’ काय ते कोण सांगणार? जी लंगोट धुते तीच. पण ती बहीण असते, आजी असते, कधी शेजारीण असते, आणि फॉर्मवर रकाना असतो ‘मातेचे उत्तर’.

बरं, प्रश्न कसा? ‘गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का?’ दोन-तीन दिवसांपलीकडचं धड आठवत नाही, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असतं. लेखकमहाशयांनी मागच्या पंधरवड्यात स्वतः कितीदा... जाऊ दे, सभ्यता आडवी येते. त्यावर उपाय म्हणून दर दोन दिवसांनी जाऊन विचारावं, तर महिनाभरात बाई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. ‘हो’ म्हटलं की पुढचे पंधरा प्रश्न येतात, हे ती शिकलेली असते. मीही तिच्या जागी तेच केलं असतं.

अक्षर न येणाऱ्यांसाठी रोज खुणा करायचे चित्रांचे तक्ते निघाले, ते मी वाटलेही आहेत. चालतात, पण तक्ता लंगोट धुण्याच्या जागेजवळ टांगला तरच. पेटीत नीट जपून ठेवला तर मी येणार त्या सकाळी एका बैठकीत अख्खा आठवडा भरला जायचा, सगळ्या खुणा एकाच दाबाच्या. तरीही शीमध्ये रक्त दिसलं का, हे विचारल्यावर डोळे मिटून सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ते कुणी विसरत नाही.

आणि मोजणं दवाखान्याच्या दारात संपत नाही. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मध्यम ते तीव्र जुलाब झालेल्या मुलांचे निम्म्याहून जास्त मृत्यू तपासणीनंतर आठवडा उलटून गेल्यावर झालेले दिसले. तेव्हा मूल घरी असतं. लक्ष ठेवायला तीच असते, जिला सांगता येत नाही असं तुम्ही छापलंत.

आता त्या लेखाखालची चौकट. ‘ओआरएसची पुडी ग्लासभर पाण्यात’! म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी. पण कुठली? एक लिटरची असते, २०० मिलीचीही असते. लिटरची पुडी ग्लासात कालवून पाजली तर रक्तातलं मीठ वाढून बाळाला झटके येऊ शकतात. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, एवढं छापायला जागा नव्हती? झिंकच्या गोळ्यांचा तर उल्लेखच नाही. २००४पासून जागतिक आरोग्य संघटना ओआरएसबरोबर दहा ते चौदा दिवस झिंक द्यायला सांगते; तेव्हा ठरलेली मात्रा रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या असतात, आणि तिथेही दिवस मोजणारी तीच.

चौकटीची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच टायपात यावी. आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत नको. माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत, हेही कापायचं असेल तर भावाबद्दलचं कापा. पुडीचं राहू द्या.

आपली,
अजून तरी नियमित वाचक