आई-बाबा, मे महिन्यात मी कायमची येत नाहीये

आयबार, स्पेन, रविवार दुपार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा गाडी 'आज भाजी काय केलीस' वर जाऊन थांबली. म्हणून पत्र. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून दे. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवू नका. तिचं तिला वाचू द्या. तुम्ही मधलं मधलं गाळता.

आधी मुख्य ते लिहिते, नाहीतर मी पुन्हा भाजीवर येईन. मे महिन्यात मी कायमची परत येत नाहीये. इथलं काम दोन वर्षांनी वाढलंय आणि मी सही केली आहे. विचारून करायला हवं होतं, कळतं मला. पण तुम्ही 'तुला योग्य वाटेल ते कर' असं म्हणाला असता आणि मग मला ते करता आलं नसतं. वरची खोली रंगवून घेतलीत, त्याचा फोटो दादाने पाठवला. तो पिवळा रंग बघून मी जिन्यातच बसले, वर घरी जाववेना.

दुसरी गोष्ट. ऑक्टोबरमध्ये मी सायकलवरून पडले. डाव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं होतं. सहा आठवडे हात झोळीत होता. दिवाळीत 'कॅमेरा बिघडलाय' म्हणाले ते त्यामुळे. आता हाड जुळलंय, हात पूर्ण वर जातो, अंबाडा माझा मी घालते. आई, लगेच बाबांकडे बघू नकोस, 'तुम्हीच नादी लावलंत' म्हणून. आणि मामाच्या मोटारसायकलचं यात आणू नकोस, ते वेगळं होतं. लपवल्याबद्दल रागव, पण माझ्या बारावीच्या वेळी तुझं पित्ताशय किती दिवस लपवलं होतंस ते आठव आणि मग रागव.

मी सायकल सोडलेली नाही. जानेवारीपासून पुन्हा जातेय.

आता तुम्ही दोघं गप्प झाला असाल. तर जरा सांगते, मी कुठे जाते ते, म्हणजे डोळ्यांसमोर मामाचा घाट येणार नाही.

आयबार हे गाव एका अरुंद दरीत कोंबून बसवल्यासारखं आहे. सपाट जागाच नाही. घरांच्या इमारती एकावर एक चढलेल्या, आणि वरच्या आळीत जायला रस्त्यावरच सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने. आई, तुझ्या गुडघ्यांना आपल्या साताऱ्यापेक्षा हे गाव मानवेल. बाबा, तुम्हाला आवडेल ते हे, की हे मूळचं बंदुका करणाऱ्यांचं गाव. 'ओर्बेआ' ही सायकल कंपनी 1840 साली इथे बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर पिस्तुलांना गिऱ्हाईक उरेना, तेव्हा गावातले कारखाने सायकलींकडे वळले. लोखंडी नळीचं काम हाताला माहीतच होतं. ओर्बेआ 1969 पासून सहकारी आहे. तुमची एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या सहकारात गेली, तर फरक सांगते: तिथे सभासद ऊस घालणारा शेतकरी, इथे सभासद खुद्द यंत्रावरचा कामगार. तुमच्या वार्षिक सभेतली खुर्च्यांची फेकाफेक इथे होते का, ते अजून विचारलेलं नाही.

माझी सायकल त्याच कंपनीची, सेकंडहँड. रुंद टायर, पुढे-मागे शॉकअप, डिस्क ब्रेक. तुमच्या अ‍ॅटलसचा दांडा मात्र हिला नाही, पोर बसवायला जागाच नाही.

गावातून वर आरातेला जायचं. तिथे देवीचं देऊळ आहे, म्हणजे मेरीमातेचं, पण चढताना मला यवतेश्वरच वाटतं. साधारण चारशे मीटरचा चढ. एप्रिलमध्ये इथल्या बास्क प्रांताची मोठी सायकल शर्यत होते, ती बऱ्याच वर्षी या घाटात येते आणि सगळं गाव रस्त्याच्या कडेला ओरडत उभं राहतं. ते लोक डांबरी रस्त्याने जातात. आम्ही पुढे रान धरतो. आधी लाकडाचे ट्रक जातात तो कच्चा रस्ता, मग बैलगाडीएवढी वाट, मग नुसती पाऊलवाट. पाइनच्या रानात खाली सुयांचा थर काथ्याच्या गादीसारखा, चाकाचा आवाजच येत नाही. मग झाडं संपतात, कुरण लागतं, लांब केसांच्या लाचा जातीच्या मेंढ्या रस्ता अडवून बघत राहतात. वाटेत फाटकं असतात. फाटक उघडलं की आपल्यामागे लावायचं, हा इथला पहिला नियम. हेल्मेट नसेल तर लोक कीव करतील, पण फाटक उघडं टाकलं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी हुडकत येईल.

वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, निळी बरी, लाल अवघड, काळी फार अवघड. मी निळीवर असते, कधीमधी लाल. काळीच्या मी वाटेला जात नाही. हे वाक्य आईने दोनदा वाचावं.

पडले ती लालसुद्धा नव्हती, निळीच होती. एलगेता गावाच्या बाजूला इंचोर्ता नावाची टेकडी आहे, तिथे स्पेनच्या यादवी युद्धातले खंदक अजून आहेत. 1936 च्या शरदापासून 1937 च्या एप्रिलपर्यंत तिथे आघाडी अडून होती. (बाबा, तुम्हाला आणीन तेव्हा तिथे अर्धा दिवस काढू.) येताना बीच नावाच्या झाडांच्या रानातून उतार होता. इथे पाऊस कोसळत नाही, पिठासारखा चाळून पडतो, त्याला 'शिरीमिरी' म्हणतात. दोन दिवस तो चाललेला. पानं पडून वाट तांबडी झालेली, आणि त्या पानांखाली एक मूळ, मनगटाएवढं जाड, वाटेला तिरकं. ओलं मूळ साबणासारखं असतं. त्याच्यावरून सरळ, ब्रेक न दाबता जायचं. दाबायचा तो आधी. हे मला माहीत होतं. पण पुढे वळण दिसलं, घाबरले, आणि मुळावरच पुढचा ब्रेक दाबला. चाक बाजूला गेलं आणि मी खांद्यावर.

'ब्रेक आधी, वळण नंतर.' बाबा, यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक वळणाला तुम्ही हे म्हणायचात. दांड्याला टॉवेल गुंडाळून त्यावर मी, तुमची हनुवटी माझ्या डोक्यावर, आणि तुम्ही बोललात की माझी कवटी गुणगुणायची. त्या दिवशी पानांत आडवी पडले असताना पहिलं तेच कानात आलं. दुखायला नंतर लागलं.

बरोबर तिघं होते, मी एकटी कधीच जात नाही. जवळच्या बासेरीतून, म्हणजे शेतघरातून, एक आजी आल्या. बासेरी म्हणजे जाड दगडी भिंतींचं घर, पूर्वी खाली गुरं आणि वर माणसं. अगदी आपल्या आजोळच्या घराची गत. आजीला इथे 'अमामा' म्हणतात. त्यांनी मला गोठ्याच्या बाकावर बसवलं, अंगावर घोंगडी टाकली, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात धरून इथल्या बास्क भाषेत बोलत राहिल्या. एक अक्षर कळलं नाही. पण ओरडत होत्या एवढं कळलं, आणि त्यामुळेच धीर आला.

नंतर सहा आठवडे त्यांनी डबा पाठवला. काळ्या घेवड्याची आमटी. चव आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्या जवळची, फक्त तुझा गोडा मसाला नाही. आणि मेंढीच्या दुधाचं इदियासाबाल चीज, त्याबरोबर एका आंबट फळाची वडी, ती तर महाबळेश्वरच्या पेरूच्या चीजची सख्खी बहीण. तेव्हा 'तिकडे खायला काय मिळतं पोरीला' हे बंद कर. तांदूळ मिळतो, तूरडाळ बिल्बाओहून आणते, कुकरची शिटी तू दिलेलीच आहे. पांघरुणं तीन आहेत. खोलीत हीटर आहे. भिंतीला ओल येते पण पलंग लांब सरकवलाय.

मी सायकलसाठी राहतेय असं समजू नका. काम चांगलं आहे, पगार बरा आहे, कर्जाचे उरलेले हप्ते दोन वर्षांत फिटतील, पुण्यात तेवढ्यात फिटले नसते. हे सगळं खरं आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, एवढंच नाही. इथे 'औसोलान' म्हणून पद्धत आहे. शेजारपाजार मिळून गावाचं काम करतात, आपलं श्रमदान. फेब्रुवारीत पावसाने वाट खचली तेव्हा मी कुदळ घेऊन गेले. पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून तिरके चर खणायचे, दगड बसवायचे. माझा हात अजून कच्चा, म्हणून मला दगड वेचायला दिले. दुपारी त्याच अमामा आल्या, माझ्या खांद्यावर बोट टेकवलं आणि सगळ्यांना काहीतरी सांगितलं. सगळे हसले. कोणीतरी मला अर्थ सांगितला: 'ही आमची आहे, हिने आमच्या मुळावर हाड मोडलंय.' साडेतीन वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. आई, तुमची आहेच ग. त्यात कमी काही होत नाही.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदू माझ्या येण्यासाठी अडवून ठेवला होतात ना? आता पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचा. दादा सुट्टी काढणार आहे, माझं बोलणं झालंय. तोवर अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही, दूध आणायलासुद्धा नाही. आई, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. माळ्यावर चढायचं नाही. लोणच्याची बरणी काढायला वहिनीला हाक मार, तिला आवडतं तुझं लोणचं, तू विचारत नाहीस म्हणून ती बोलत नाही. आणि दोघांनी संध्याकाळी चालायला एकत्र जायचं. बाबा पुढे आणि आई वीस पावलं मागे, त्याला एकत्र म्हणत नाहीत.

ऑगस्टमध्ये इथले कारखाने बंद असतात. तेव्हा तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय, ही सहीसुद्धा करूनच सांगतेय. कासला फुलं यायला लागली असतील. वरच्या खोलीतच झोपेन. मधल्या काळात तिथे गव्हाच्या कोठ्या ठेवल्यात तरी चालेल, फक्त खिडकीपाशी नको.

रविवारी फोन करते. आई, कॅमेरा सुरू ठेवीन, खांदा दाखवीन. हाड जुळलं तिथे छोटंसं टेंगूळ राहिलंय, ते बघून रडायचं नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, अ‍ॅटलस भंगारात देऊ नका. टायर मी आल्यावर बघते.